कव्हर घालूनही दरवर्षी पेंटवर ओरखडे येतायत? मग आधी कव्हरखाली बघा

आधी प्रॉब्लेम सांगतो. गाडी हॅचबॅक, गडद निळी, २०१७ ची. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला सोसायटीत ओपन पार्किंग, डोक्यावर आंब्याचं झाड आणि कंपाउंडच्या पलीकडे कायम काहीतरी बांधकाम चालू. गाडी घेतल्यापासून न चुकता कव्हर घालतोय, तरी दर दिवाळीला बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, कडांवर पांढुरक्या रेघा, आणि पावसाळा संपला की छतावर ढगांसारखे डाग. मग रबिंग-पॉलिश करून घ्यायचं, गाडी चकाचक, घरचे खूश, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. बी विंगमधल्या एकांची त्याच साली घेतलेली गाडी वर्षभर बिनकव्हरची धूळ खात उभी असते आणि तिचा पेंट माझ्या गाडीपेक्षा बरा! हे लक्षात आल्यावर डोकं फिरलं खरं.

दोन वर्षांपूर्वी नेहमीप्रमाणे डिटेलिंगवाल्याकडे नेली तर तिथल्या पोराने मशीनला हातच लावला नाही, ड्रॉवरमधून एक छोटं मीटर काढलं आणि बॉनेटवर टेकवलं. ८६. मग दाराच्या वरच्या बाजूला, ११८. "काका, रबिंग किती वेळा केलंय?" म्हटलं दरवर्षी करतो. "मग आता बास करा. अजून एकदोनदा केलंत तर बॉनेट रंगवायलाच लागेल." (काका म्हणाला ते वेगळंच लागलं, असो.)

हे आकडे पेंटच्या जाडीचे, मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नवीन गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन पेंट असतो. खाली गंज धरू नये म्हणून ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस ७० च्या आसपास भरतो, म्हणजे आपण जिला गाडीची शाईन म्हणतो ती केसाहून पातळ थरात असते. आणि रबिंगमध्ये ओरखडा भरला जातो असं मला इतकी वर्षं वाटत होतं, तसं काही नसतं, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळाइतका खाली आणतात, म्हणून तो दिसेनासा होतो. दरवर्षी मी पैसे देऊन तोच थर कमी करून घेत होतो.

तर ओरखडे येतात कुठून? कव्हर कितीही मऊ असलं तरी गाडीवर धूळ असताना घातलं की मधे धूळ अडकते. बांधकामाची धूळ म्हणजे वाळू, क्रश सँड, सिमेंट. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कडकपणा मोह्जच्या १ ते १० च्या मापात ७, काचेचा साडेपाचच्या आसपास, म्हणजे जी वस्तू काचेवर चरा पाडते ती क्लिअर कोटचं काय करत असेल. वारा आला, कव्हर हललं, झालं, पॉलिश पेपर फिरायला लागला. कव्हर घालताना आणि काढताना ओढलं की तेच, फक्त जास्त जोरात.

आता तुमच्या गाडीला नेमकं काय झालंय ते आधी बघा, कारण प्रत्येक डागाचं कारण वेगळं असतं आणि सगळ्यावर "महागातलं कव्हर घ्या" हे उत्तर नाही. रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पत्र्यापासून वीतभर अंतरावर धरा. टॉर्चच्या भोवती गोल गोल जाळं दिसलं तर ते बहुतेक कव्हरचं काम नाहीये, ते फडक्याचं आहे. (ओरखडे खरे गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात, प्रकाशाभोवती वळणारे तेवढेच चमकतात म्हणून गोल वाटतं.) सकाळी गाडी पुसणारा मुलगा एकाच बादलीत बारा गाड्या पुसतो, बाराव्या गाडीला अकरा गाड्यांची माती. आमचा तर कोरड्या फडक्याने आधी धूळ "झटकायचा", ते बंद केल्यावरच निम्मा फरक पडला. म्हणून कव्हरवर खर्च करण्याआधी हे तपासा.

एकाच दिशेच्या सरळ रेघा असतील, पुढून मागे किंवा छतावरून काचेकडे, तर ते कव्हर ओढण्याचं काम. बॉनेटची कड, चाकावरचा उंचवटा, आरशाचा कोपरा, डिकीचा कंगोरा अशा नेमक्या ठिकाणी पेंट मंद आणि पांढुरका झाला असेल तर वाऱ्यात कव्हर फडफडून तिथे घासलं जातंय, म्हणजे साइज मोठी आहे किंवा बांधायची सोय नाही. दारावर कव्हरच्या पट्ट्याच्या उंचीला टिकलीएवढे टवके असतील तर पट्ट्याचं बक्कल. ढगासारखे दुधी डाग असतील तर ओल.

या ओलीबद्दल जरा जास्त सांगतो कारण इथेच मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केलाय. माझं पहिलं कव्हर रस्त्याच्या कडेला घेतलेलं चंदेरी, साडेआठशेचं, "एकदम वॉटरप्रूफ साहेब". वॉटरप्रूफ होतं, यात शंका नाही. पण वरून पाणी आत जात नाही तशी आतली वाफही बाहेर जात नाही हे डोक्यात आलं नाही. जुलैत गाडी ओली असतानाच घालायचो, त्यात खालून जमिनीची ओल, मग दोन तास ऊन पडलं की आत अंघोळीच्या बाथरूमसारखी वाफ धरायची, रात्री तीच पत्र्यावर थेंब होऊन बसायची, आणि असं आठवडा आठवडा. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, गाडी धुऊन पुसली नाही की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके राहतात, ते कव्हरखाली भाजून निघाले. जिथे आधी दगड लागून टवका उडालेला तिथे गंज. आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कव्हरचा आतला थर चिकट होऊन सोलपटायला लागला, जुन्या रेनकोटचं किंवा ट्रॅव्हल बॅगेचं अस्तर होतं ना तसंच, ते पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असतं आणि उष्णता नि दमटपणा मिळाला की ते असंच विरघळल्यासारखं होतं. छतावर त्याचे कपटे चिकटले, नखाने काढले, म्हणजे अजून ओरखडे.

मग शहाणपणा सुचला आणि दुसरं घेतलं ते आतून मऊ फ्लीसचं अस्तर असलेलं, तीन हजारांच्या वर. हाताला एकदम गोधडीसारखं. पहिले दोन महिने स्वर्ग. पण अस्तर धूळ धरून ठेवतं, झटकलं तरी जात नाही, आणि पाऊस आत शिरला की ते पाणी पितं आणि चार-चार दिवस वाळत नाही, वर उचलायला गेलं तर ओल्या चादरीसारखं जड. म्हणजे गाडीला ओलं पोतं गुंडाळून ठेवल्यासारखंच झालं. अस्तराचं कव्हर बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटला उत्तम, उघड्यावर पावसाळ्यात अजिबात नाही. बेसमेंटवाल्यांना तर जुनी सुती चादर शिवून घेतली तरी चालेल, बटणं नि हुक नसलेली.

म्हणून कव्हर बघताना मी आता तीन गोष्टी घरी करून बघतो, आणि त्यासाठी ऑनलाइन घ्या म्हणजे परत तरी करता येतं, दुकानात हे करू देत नाहीत. पहिली, जुनी सीडी. घरात लग्नाच्या नाहीतर कसल्या तरी सीड्या पडलेल्या असतातच, तिची चमकणारी बाजू पॉलिकार्बोनेट असते आणि तिला लगेच ओरखडे येतात. कव्हरची आतली बाजू बोटाला गुंडाळून त्या सीडीवर वीसेक वेळा सरळ रेषेत घासायची आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. रेघा उमटल्या तर ते कापड स्वच्छ असतानाच ओरखडे पाडतंय, धुळीची वाट बघायची गरजच नाही. शिवणीची बाजू पण घासून बघा, बऱ्याचदा कापड मऊ आणि शिवणीचा नायलॉन दोरा तारेसारखा कडक. माझ्या चंदेरी कव्हरच्या शिवणीने सीडीवर अशी रेघ काढली होती की आरामात नखाला लागायची.

दुसरी, गरम पाण्याचा पेला. पेल्यावर कव्हरचं कापड ताणून धरायचं आणि वर चष्म्याची काच. काच धुरकट झाली तर वाफ बाहेर जातेय, कापड श्वास घेतंय. नाही झाली तर ती प्लास्टिकची पिशवी आहे, पाकिटावर ब्रीदेबल लिहिलेलं असो नसो. तिसरी, त्याच कापडाचा खोलगट भाग करून वाटीभर पाणी ओतायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. दोन-चार थेंब झिरपले तर मला चालतं, धार लागली तर नाही. वाफ आणि पाणी या दोन्ही परीक्षांत शंभर पैकी शंभर घेणारं कापड या किमतीत मिळेल ही अपेक्षा सोडा, उघड्यावर ठेवणाऱ्याने श्वास घेण्याच्या बाजूला झुकायचं, कारण नुसत्या पावसाच्या पाण्याने पेंटचं काही बिघडत नाही, कोंडलेल्या पाण्याने बिघडतं.

दुकानदार सांगतात त्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. १९०टी टॅफेटा म्हणजे एका इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे, डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन. यातून कापड किती टिकेल याचा अंदाज येतो, मऊ किती आहे ते कळत नाही, आणि जाड कव्हर रोज उचलताना कंबर धरते ती वेगळी.

साइजचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडे टॅक्समुळे निम्म्या गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या, त्यामुळे "चार मीटरवाल्या सगळ्यांना हेच बसतं" असं बिनधास्त सांगतात. लांबीला बसतं हो, पण हॅचबॅकची उंची दीड मीटर आणि छोट्या एसयूव्हीची त्याहून बरीच जास्त, मग खाली झालर लोंबते आणि वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो ना एप्रिल-मे मध्ये, तेव्हा गाडीचा तंबू होतो. मॉडेलच्या नावाने शिवलेलं घ्या, आरशांना खिसे असलेलं, खाली पूर्ण घेराला इलॅस्टिक असलेलं (फक्त पुढेमागे नको) आणि पोटाखालून निदान दोन पट्टे. बक्कल प्लास्टिकचं. वरून सुतळी किंवा नायलॉनची दोरी बांधू नका, मी एक उन्हाळा बांधली होती, बॉनेटवर दोन्ही बाजूंना दोरीच्या जाडीची मंद रेघ अजून आहे. पट्टा पलीकडे फेकायचा पण नाही, तो जाऊन पलीकडच्या दारावर आपटतो. मी जुन्या छत्रीची दांडी ठेवलीय, तिच्या आकड्याने खालून ओढून घेतो, वॉचमन मामा हसतात पण टवके थांबले. रंगाचं म्हणाल तर पांढऱ्या गाडीला लाल-निळ्या पट्ट्यांचं कव्हर घेऊ नका, ओलं झालं की रंग सुटू शकतो, ओला रुमाल आतून चोळून बघा.

आता घालायचं कसं. गाडी धुळीने माखून आली असेल तर त्या रात्री कव्हर नाही, इतकं साधं आहे. सकाळी आधी पाण्याने माती सोडवायची, मग मायक्रोफायबरने पुसायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची, आरशाच्या खाचेतलं आणि डिकीच्या बीडिंगमधलं पाणी सुद्धा, मग कव्हर. फिरवून आणल्यावर लगेच नाही, सायलेन्सर गार होऊ द्या नाहीतर पॉलिस्टर वितळून त्याला चिकटतं. काढताना खालची बाजू दोन्हीकडून छतावर दुमडायची, लांब पट्टी झाली की मागून पुढे गुंडाळत यायचं, म्हणजे धुळीची बाहेरची बाजू आतल्या बाजूला लागत नाही आणि परत घालताना नुसतं उलगडत जायचं. जमिनीवर टाकून गोळा करणारे बघितलेत मी, खाली पडलेली सगळी खडी उचलून सरळ बॉनेटवर! दीड-दोन महिन्यांनी कव्हर धुवा, साध्या पावडरने, भरपूर पाण्यात, गच्चीवर सावलीत वाळवा. आमच्याकडे यावरून सोसायटीत बोलणी खाल्लीत, अख्खी दोरी व्यापते म्हणून. रविवारी दुपारी वाळत घालतो आता, तेव्हा कोणी वर येत नाही.

झाडाखालच्या लोकांसाठी वेगळं सांगायला हवं. आंब्याला मोहोर आला की जानेवारी ते मार्च गाडीवर जो चिकटा पडतो तो झाडाचा डिंक नसतो, मोहोरावर तुडतुडे (बारीक किडे) असतात त्यांनी टाकलेला गोड रस असतो, त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी. पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट, त्यात युरिक अॅसिड असतं आणि उन्हात तापून पेंट जरा नरम झालेला असताना ती बसली की खाली खड्ड्यासारखा डाग राहतो, पॉलिशने निघत नाही. या तीन महिन्यांत कव्हर खरंच कामाला येतं. फक्त पातळ कव्हरमधून विष्ठा झिरपते, म्हणून दिसली की ओल्या फडक्याने भिजवून उचला, "कव्हरवर आहे ना, राहू दे" करू नका.

आणि आता जे मला सात वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गाडी रोज काढत असाल तर उघड्यावर कव्हर घेऊच नका. रोज धुणं होणार नाही, म्हणजे रोज धुळीवर कव्हर, वर्षाला तीनशे-साडेतीनशे वेळा घासणं. बी विंगवाल्यांची गाडी बरी दिसते ती याचमुळे, तिच्यावर धूळ बसते पण तिला कोणी घासत नाही. त्यापेक्षा वर्षातून दोनदा चांगलं वॅक्स करा, जमलं तर पार्किंगवर पत्र्याची शेड टाकायला सोसायटीत मागे लागा (ते वेगळं महाभारत आहे). कव्हर त्याच्यासाठी, ज्याची गाडी चार-पाच दिवस सलग उभी राहते. माझी आता फक्त शनिवार-रविवार निघते, ऑफिस निम्मं घरून, म्हणून मी ठेवलंय. तेसुद्धा ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर कव्हर घडी करून माळ्यावर. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तो गाडीला धुऊनच काढतो. माझा मेहुणा रत्नागिरीला असतो, तिथे तीन हजारांच्या वर पाऊस आणि खारी हवा, त्याने कव्हर घातलेल्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या मी स्वतः बघितल्यात, त्याला मी कव्हर काढून टाक आणि आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धू एवढंच सांगितलं. नागपूरकडच्यांचं उलटं, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर ऊन, तिथे बाहेरून चंदेरी किंवा पांढरं कव्हर हवंच, पण ते दोनेक उन्हाळ्यांत जळून भुगा व्हायला लागतं, हात फिरवल्यावर तळव्याला पावडर लागली की तेव्हाच बदला.

अजून दोन गोष्टी. गाडी जास्त दिवस उभी असेल तर कव्हरखाली अंधार आणि आडोसा, उंदरांना तेच पाहिजे असतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघा, वायरिंगचं बिल कव्हरच्या किमतीच्या कितीतरी पट येतं. आणि दिवाळीचे चार दिवस कव्हर काढूनच ठेवा, फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी पॉलिस्टरला भोक पडतं आणि वितळलेला थेंब खालच्या पेंटला चिकटतो. अनार वगैरे जवळ लावला तर कव्हरच पेटायचं.

आता सध्याचं कव्हर तिसरं, करड्या रंगाचं, चार थरांचं नॉन-वोव्हन (म्हणजे न विणलेलं कापड), सीडीवर रेघ नाही, चष्म्यावर धुकं येतं, वाटीतून दोन थेंब गळतात. वर्ष झालं. गेल्या दिवाळीला त्याच पोराकडे गेलो, रबिंग नको म्हटलं, फक्त धुऊन वॅक्स कर आणि मीटर लाव. बॉनेट ८६ च. जुने ओरखडे जिथे होते तिथेच आहेत, टॉर्च मारला की दिसतात, कडांवर नवीन एकही नाही.